फुकटचे सॉफ्टवेअर आणि वर्गणीचा हिशेब

सचिन जीआयडीसीतल्या ओळखीच्या कारखानदारांना ओपन सोर्सबद्दल सांगायला जावे, तर एकच प्रश्न येतो : "भाऊ, जे फुकट मिळते ते टिकणार कसे? उद्या बंद पडले तर दार कुणाचे ठोठवायचे?" प्रश्न व्यवहारी आहे. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या कॉमर्सच्या माणसाने त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणीही पाहावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा असे सॉफ्टवेअर. त्याला किंमत नसेल, पण ते चालू ठेवायला खर्च असतोच. आपल्या गणेशोत्सवात आरतीला तिकीट नसते. म्हणून मंडप काय फुकट उभा राहतो?

मुंबईचेच उदाहरण घ्या. रुषभ मेहता यांनी 2008 साली सुरू केलेली, आज फ्रॅपे नावाने ओळखली जाणारी कंपनी 'ईआरपीनेक्स्ट' बनवते. हिशेब, माल, पगार सारे त्यात होते आणि कोड सर्वांना खुला आहे. मग कमाई कशाची? ज्यांना स्वतःचा सर्व्हर सांभाळायचा नाही त्यांचे काम कंपनी आपल्या सर्व्हरवर चालवून देते आणि अडचणीला धावून येते, त्याचे पैसे घेते. शेअर दलालीतली झेरोधा हेच सॉफ्टवेअर वापरते. शेजारी टॅलीही जोरात चालू आहे. टॅली परवाना विकते, फ्रॅपे सेवा विकते. बाजार दोघांनाही पुरतो. अमेरिकेत रेड हॅट कंपनी याच वाटेने इतकी मोठी झाली, की 2019 साली आयबीएमने ती 34 अब्ज डॉलरला घेतली.

पण वहीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जिथे विकायला सेवाच नाही, तिथे उपासमार आहे. इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांचे कुलूप असलेल्या 'ओपनएसएसएल'मध्ये 2014 साली 'हार्टब्लीड' ही चूक सापडली. दोन वर्षे ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. तेव्हा कळले, की या कामाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच! कोट्यवधी कमावणाऱ्या कंपन्या प्रसादाला पुढे आणि वर्गणीला मागे होत्या. बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी हात सैल केला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ओपन सोर्स टिकेल, पण दयेवर नाही. वापरणाऱ्याने वर्गणी दिली तरच. झेरोधाने 2024 पासून अशा कामांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी ठेवला आहे. सरकारने काय केले? केंद्राने 2015 साली सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण आणले, ते स्वागतार्हच. मात्र परवान्याचे वाचलेले पैसे नुसते तिजोरीत न ठेवता त्यातला ठरावीक हिस्सा देखभालीला द्यावा, असे टेंडरमध्येच लिहायला हवे.

2020 पासून आपले सचिन सुरत महानगरपालिकेत आहे. मते मागायला दारी येणाऱ्यांना रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारा. देखभालीचे हे काम शिकलेली आपली मुले इथेच पोट भरू शकतील. आणि कारखानदार बंधूंनो, फुकटचे वापरत असाल तर ज्यांनी ते घडवले त्यांच्या पावतीपुस्तकात आपलेही नाव असू द्या.