लाडकी बहीणची ई-केवायसी कुठे अडकली? कोड लिहिण्याआधीच्या चुकीची गोष्ट

मुंबईहून अमरावतीला यायचं असेल तर बहुतेक गाड्यांचं तिकीट बडनेऱ्याचं काढावं लागतं. मुंबई-नागपूर-हावडा मुख्य लाइन बडनेऱ्यावरून जाते आणि अमरावती स्टेशन तिथून निघणाऱ्या फाट्यावर आहे. इथल्या शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. पण समजा, बंगळुरूत बसून कोणी तिकिटाचं ॲप बनवतोय आणि त्याला हे कोणी सांगितलंच नाही. तो 'अमरावती' शोधल्यावर फक्त अमरावतीच्या गाड्या दाखवेल. कोडमध्ये एकही बग नसेल, तरी प्रवाशाला वाटेल की आज गाडीच नाही.

ॲपने कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत, काय करायला हवं, याला सॉफ्टवेअरवाले रिक्वायरमेंट म्हणतात. ती नीट विचारून, लिहून आणि तपासून घेण्याचं काम म्हणजे रिक्वायरमेंट इंजिनीअरिंग. ऐकायला कोरडं वाटतं. पण हे काम कच्चं राहिलं की काय होतं, ते 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत दिसलं.

नेमकं काय झालं?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना 2024 मध्ये सुरू झाली. वय 21 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आणि महिन्याला 1,500 रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने सगळ्या लाभार्थ्यांना ई-केवायसी सक्तीची केली आणि दोन महिन्यांची मुदत दिली. वेबसाइटवर आधी बाईने स्वतःचा आधार नंबर टाकून ओटीपी द्यायचा. मग पुढची पायरी: पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी.

आता पती आणि वडील दोघंही हयात नसतील तर? घटस्फोट झाला असेल आणि वडीलही नसतील तर? नवरा सोडून गेला असेल आणि फोनच उचलत नसेल तर? त्या रकान्यासमोर येऊन अशा बायका अडकल्या. ज्यांना पैशांची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्यासाठीच पुढचं बटण बंद.

मुदत नोव्हेंबरात संपत असताना सरकारने ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाची कागदपत्रं जमा करावीत, असा मार्गही दिला. दुरुस्ती झाली हे चांगलंच. पण दोन महिने लोक सेतू केंद्रांच्या चकरा मारून झाल्यावर झाली.

उत्तर आधीच लिहिलेलं होतं

यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट अशी, की ही अडचण कोणाला अचानक सापडावी अशी नव्हती. योजनेच्या शासन निर्णयांतच पात्र कोण, ते लिहिलंय: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या आणि निराधार महिला, शिवाय कुटुंबातली एक अविवाहित महिला. म्हणजे यादी तयार होती. प्रत्येक शब्दासमोर एकच प्रश्न लिहायचा होता: 'ही बाई या स्क्रीनवरून पुढे कशी जाईल?' विवाहित, जाईल. विधवा आणि वडीलही नाहीत, थांबेल. कागद-पेनाने अर्ध्या तासात चूक दिसली असती.

या पद्धतीला आमच्या क्षेत्रात ट्रेसेबिलिटी म्हणतात. नियमातली प्रत्येक ओळ कोणत्या स्क्रीनवर उतरली आणि कोणत्या टेस्टने तपासली, याचा धागा जोडून ठेवायचा. ज्या ओळीचा धागा कुठेच पोचत नाही, तिथे कोणीतरी माणूस अडकणार.

आणि परित्यक्तेचं काय? तिच्याकडे मृत्यू प्रमाणपत्र नसतं आणि घटस्फोटाचा आदेशही नसतो. यादीतला तो शब्द दुरुस्तीनंतरही कागदपत्रांच्या चौकटीत बसत नाही.

गरज वेगळी, उपाय वेगळा

सरकारचा हेतू चुकीचा होता असं नाही. योजनेला उत्पन्नाची अट आहे, मग घरातल्या कमावत्या माणसाचं उत्पन्न तपासावं लागणारच. ती खरी गरज. 'पती किंवा वडिलांचा ओटीपी घ्या' हा त्या गरजेवरचा एक उपाय. घोळ तिथे होतो जिथे उपायालाच गरज समजून कागदावर लिहिलं जातं.

खासगी कंपन्यांतही हेच चालतं. क्लायंटकडून एका ओळीचा निरोप येतो, 'हा रकाना कम्पल्सरी करा.' आम्ही पोरं दोन मिनिटांत तो कम्पल्सरी करतो आणि तिकीट बंद करतो. 'ज्याच्याकडे ही माहितीच नाही, त्याने काय करायचं?' हे विचारायला आणखी दोनच मिनिटं लागली असती. पण तो प्रश्न विचारणं हे आपलं काम आहे, असं कोणालाच वाटत नाही.

शिकता येतं, उदाहरण वावरातलं आहे

ऑगस्ट 2021 मध्ये ई-पीक पाहणी ॲप राज्यभर सुरू झालं. कास्तकाराने वावरात जाऊन फोटो काढायचा आणि पीक स्वतः नोंदवायचं. अडचणी आल्याच. पण 2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांतल्या काही उतरलेल्या दिसतात. नोंद चुकली तर 48 तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. मुख्य पिकासोबत आधी दोन दुय्यम पिकं नोंदवता यायची, ती तीन झाली. सोयाबीन किंवा कपाशीत तूर लावणाऱ्या वऱ्हाडात मिश्र पिकाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याची नोंद दुसऱ्याच्या फोनवरून करायची सोयही आहे. या सुधारणा मीटिंग रूममध्ये बसून सुचणाऱ्या नाहीत. वापरणाऱ्याला पाहिलं की कळतात.

म्हणून कंपन्यांनी तीन सवयी लावल्या तरी पुष्कळ. पहिली, वापरणाऱ्यांची यादी नियमातून काढा आणि प्रत्येकाला घेऊन स्क्रीन चालवून पाहा. दुसरी, प्रत्येक सक्तीच्या रकान्याला 'नसेल तर काय?' विचारा. तिसरी, लाँचच्या आधी एक दिवस सेतू केंद्रात बसा. लोक कुठे थांबतात ते बघा.

तुम्ही काय करू शकता?

घरात आईची ई-केवायसी आणि बाबांची पीक पाहणी तुम्हीच करून देता. म्हणजे ॲप कुठे अडतं, हे तुम्हाला इंजिनीअरपेक्षा आधी कळतं. मग एक स्टार देऊन 'बकवास ॲप' लिहू नका, त्यातून आमच्या हाती काहीच लागत नाही. चार गोष्टी लिहा: वापरणारा कोण, कोणती स्क्रीन, काय अडलं, काय हवं होतं.

उदाहरणार्थ: 'माझी मावशी परित्यक्ता आहे, वडील हयात नाहीत. दुसऱ्या आधारच्या पायरीवर पुढे जाता येत नाही. "लागू नाही" असा पर्याय आणि त्यासाठी कोणतं कागदपत्र चालेल ते हवं.'

या तीन वाक्यांत पूर्ण रिक्वायरमेंट आहे. ती पोर्टलवर किंवा हेल्पलाइनला द्या, आणि तक्रार नंबर आठवणीने घेऊन ठेवा.