चावडीवरचं भांडण

पूर्वी गावात तंटा झाला की तो चावडीवर जायचा. इंटरनेटवरच्या मराठी विकिपीडियालाही एक चावडी आहे, बरं का! त्या पानाचं नावच 'चावडी'. सदस्य तिथे आपली गाऱ्हाणी मांडतात.

विकिपीडिया म्हणजे सर्वांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश. इंग्रजी विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठी २००३ साली. इथे कोणीही लिहू शकतं, तुम्हीसुद्धा! पण दार सताड उघडं असलं की पाहुण्यांबरोबर फेरीवालाही आत येतो.

लेखाच्या तळाशी 'बाह्य दुवे' असा भाग असतो. दुवा दाबला की आपण दुसऱ्या संकेतस्थळावर पोचतो. आणखी वाचायला मिळावं, यासाठी ही सोय. आता समजा, आमच्या इंदापूर तालुक्यातल्या सणसरवरचा लेख आहे. इथे तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. एकाने लेखाखाली आपल्या लॉजचा दुवा टाकला. दुसऱ्याने तो काढला. पहिल्याने पुन्हा टाकला. झाला खो-खो सुरू!

पहिला म्हणतो, "वारीला येणाऱ्यांची सोय होते, यात वाईट काय?" दुसरा म्हणतो, "उद्या दहा दुकानदार येतील. मग हा ज्ञानकोश राहील की बाजार?"

खरं तर लॉजवाला खोटं बोलत नाही. पण त्या दुव्याने सणसरबद्दलचं ज्ञान वाढत नाही, वाढतं ते गिऱ्हाईक. म्हणून तो दुवा काढणं योग्य.

आता अवघड गणित. एका गावकऱ्याने स्वतःच्या संकेतस्थळावर पालखीची जुनी छायाचित्रं, माहितीसह ठेवली आहेत. कोपऱ्यात त्याच्या क्लासची जाहिरातही आहे. हा दुवा ठेवायचा की काढायचा? सरसकट काढला, तर चांगला ठेवा वाचकाला मिळणार नाही आणि मेहनती माणूस दुखावेल. इंग्रजी विकिपीडियाने यावर छान वाट काढली आहे. आपल्या संकेतस्थळाचा दुवा आपणच लेखात टाकू नये. तो चर्चा पानावर सुचवावा आणि निर्णय इतरांवर सोडावा. आपल्या पेपरला आपणच मार्क द्यायचे नाहीत, तसंच हे!

दुवे टाकायची एवढी धडपड कशासाठी? ज्या संकेतस्थळाकडे जास्त दुवे जातात, ते गूगलसारख्या शोधयंत्रात वर दिसण्याची शक्यता वाढते. म्हणून २००७ साली इंग्रजी विकिपीडियाने आपल्या बाह्य दुव्यांवर 'हे मोजू नका' अशी खूण शोधयंत्रांसाठी लावली. तरीही वाचक दुवा दाबतातच, त्यामुळे भांडणं थांबली नाहीत. वारंवार त्रास देणारी संकेतस्थळं मग काळ्या यादीत जातात. त्यांचा दुवा टाकला, तर पान जतनच होत नाही.

या आठवड्याचा उद्योग : आई-बाबांना सोबत घ्या आणि आपल्या गावावरचा किंवा तालुक्यावरचा लेख उघडा. 'इतिहास पहा'वर कोणी, केव्हा, काय बदललं ते दिसेल. मग प्रत्येक बाह्य दुव्याला एकच प्रश्न विचारा : तू वाचकासाठी आहेस की मालकासाठी? उत्तरं वहीत लिहा. प्रकल्पासाठी माहिती उतरवतानाही हाच प्रश्न उपयोगी पडेल.