साहेबांना कोण भेटून गेलं?

दिवाळीच्या आठवड्यात आपल्या शहराच्या महापालिकेत एकदा चक्कर मारून बघा. केबिनबाहेरच्या बाकांवर गर्दी असते आणि गर्दीतल्या अनेकांच्या हातात पिशव्या असतात. कुणाकडे सुकामेव्याचा बॉक्स, कुणाकडे गिफ्ट पेपरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जडसर. विचारलंत तर उत्तर ठरलेलं. "अहो, सणाचं आहे, त्यात काय एवढं?"

त्यात काय आहे ते कळायला पिशवी कोण आणतंय हे बघावं लागतं. आठवडाभर नळाला पाणी न आलेल्या सोसायटीतल्या आजी काजूकतली घेऊन येत नाहीत. येतात ते ठेकेदार, बिल्डर, सप्लायर. त्या एका बॉक्सवर कुठलं टेंडर मिळत नाही, हे त्यांनाही माहीत असतं. पण पुढच्या वेळी त्यांचा फोन उचलला जातो आणि चिठ्ठी आत न पाठवता त्यांना आत जाता येतं. इंटर्नशिपच्या निमित्ताने अशा बाकांवर मीही बरीच बसले आहे. आपण दोन तास ताटकळायचं आणि कुणीतरी "साहेब आहेत ना?" म्हणत सरळ आत शिरायचं, हे तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पाहिलं असेलच. आत काय बोलणं झालं, हे बाहेरच्यांना कधीच कळत नाही.

आपण लाच कुणी घेतली यावर खूप बोलतो, ते गरजेचंच आहे. पण कोण कुणाला भेटलं आणि कशासाठी, हा त्याच्या आधीचा प्रश्न आपण विचारतच नाही. काही शहरांनी तो विचारलाय. कॅनडातल्या टोरांटोने तर चांगलाच चटका बसल्यावर विचारला.

१९९९ मध्ये टोरांटो महापालिकेने एका कंपनीकडून कॉम्प्युटर भाड्याने घ्यायचं ठरवलं. नगरसेवकांनी मंजुरी दिली ती ४ कोटी ३० लाख डॉलरना. खर्च जवळपास दुप्पट झाला आणि बराच काळ कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांच्याकडे जाहीर चौकशी सोपवली गेली. सुनावणीत बाहेर आलं ते वाचताना ओळखीचं वाटतं. कंपनीचा सेल्समन अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना जेवायला नेत होता, गोल्फ खेळायला नेत होता. महापालिकेचं बजेट सांभाळणारा नगरसेवक कंपनीने ठरवलेल्या खासगी विमानातून हॉकीची मॅच बघायला फिलाडेल्फियाला जाऊन आला होता. आपण त्या विमानात नव्हतोच, असं त्याने आधी सांगितलं आणि नंतर कबूल केलं.

बेलामी यांचा अहवाल २००५ मध्ये आला. त्यात २४१ शिफारशी होत्या. त्यानंतर टोरांटोने लॉबिस्टची नोंदवही सुरू केली. लॉबिस्ट म्हणजे एखाद्या कंपनीच्या फायद्याचा निर्णय व्हावा म्हणून नगरसेवक किंवा अधिकाऱ्यांशी बोलणारा माणूस. असं बोलणं तिथे गुन्हा नाही, फक्त ते लपवायचं नाही. नाव नोंदवायचं, कुणासाठी बोलतोय आणि कुठल्या विषयावर ते लिहायचं, नंतर कुणाशी बोललो तेही लिहायचं. ही वही ऑनलाइन असते, घरबसल्या कुणीही बघू शकतं. आणि लॉबिस्टने भेटवस्तू, जेवण, सहल यातलं काहीही द्यायचं नाही. आपलं साधं चहापाणीसुद्धा तिथे चाललं नसतं!

आता आपल्याकडे या. कायदे नाहीत असं नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या भेटवस्तूंवर बंधनं घालणारे महाराष्ट्राचे वर्तणूक नियम १९७९ पासून आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, आणि त्यात नगरसेवकही लोकसेवकच ठरतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार झाला. महापालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा स्वतःचा हिस्सा असेल तर त्याचं पद जाऊ शकतं. पण हे सगळे कायदे कुणीतरी पकडलं गेल्यावर किंवा तक्रार झाल्यावर कामाला येतात. केबिनमधल्या भेटीची नोंद ठेवून ती लोकांसमोर मांडा, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही.

याचं एक गंमतशीर उदाहरण २०१२ मधलं आहे. वॉलमार्टने लॉबिंगवर कोट्यवधी डॉलर खर्च केले आणि त्या विषयांत भारताची बाजारपेठही होती, यावरून संसदेत गदारोळ झाला. चौकशीही बसली. पण मुळात हे आपल्याला कळलं कसं? अमेरिकेच्या कायद्यानुसार कंपनीला तो खर्च तिथे जाहीर करावा लागला म्हणून! पुढच्याच वर्षी कलिकेश सिंह देव या खासदाराने लोकसभेत लॉबिंग उघड करण्याचं खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

"चोर काय वहीत नाव लिहून चोरी करणार?" असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लॉबिस्टची नोंदही होती आणि भेटवस्तूंचे नियमही. तरी तिथल्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा प्रमुख मोहम्मद नुरू २०२० मध्ये पकडला गेला. त्याला मिळालेल्या भेटींमध्ये रोलेक्स घड्याळ होतं, ट्रॅक्टर होता. २०२२ मध्ये त्याला ७ वर्षांची शिक्षा झाली. पण त्या शहराने "नियमांचा काही उपयोग नाही" असं म्हणून हात झटकले नाहीत. मार्च २०२४ मध्ये भेटवस्तूंचे नियम आणखी कडक करायचे का, यावर मतदान झालं आणि लोकांनी हो म्हटलं. शिवाय नोंद ठेवायची पद्धत असली की नोंद न करता झालेली भेट हाच आक्षेपाचा मुद्दा होतो. आज आपल्याकडे तो आक्षेपही घेता येत नाही.

दुसरी शंका जास्त खरी आहे. उद्या वस्तीतल्या बाईला नळाची तक्रार करायलाही रजिस्ट्रेशन करावं लागलं तर? तसं व्हायचं कारण नाही. टोरांटोतही आपल्या अडचणीसाठी नगरसेवकाकडे जाणारा नागरिक लॉबिस्ट धरला जात नाही. नोंद हवी ती पैशाच्या वजनाने दार उघडणाऱ्यांची.

हे आपल्या वयाच्या मुलांचं काम नाही असं वाटत असेल तर एवढंच बघा. कॉलेजजवळच्या मैदानाचं आरक्षण बदलायचं असेल तर तुमच्या-माझ्याकडून हरकती-सूचना लेखी मागवल्या जातात, त्यांची फाईल होते. ज्याला तिथे इमारत बांधायची आहे तो मात्र केबिनमध्ये चहा पिऊन जातो आणि त्याची फाईल कुठेच होत नाही. बसचा मार्ग असो, फुटपाथ असो, होर्डिंग असो, गोष्ट तीच.

त्यामुळे मागणी साधी ठेवूया. आयुक्त, खातेप्रमुख आणि पदाधिकारी यांना व्यवसायाच्या कामासाठी कोण भेटलं, कुठल्या विषयावर, याची यादी दर आठवड्याला महापालिकेच्या वेबसाइटवर टाका. आलेल्या भेटवस्तूंचीही टाका. पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात आला की त्याला एवढंच विचारा, "तुम्ही ही यादी टाकाल का?"

तोवर हातात आहे ते वापरू. महाराष्ट्र सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकेसारख्या कार्यालयांत नागरिकांना फायली बघता येतात. लेक्चर संपलं की दोघं-तिघं मिळून जा. तुमच्या रोजच्या रस्त्याच्या ठेक्याची फाईल मागा. भेटायला कोण आलं होतं ते त्यात सापडणार नाही. पण काम कुणाला मिळालं ते सापडेल, आणि पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होईल.