विंचवावर गोळी आहे, पण ती पहिल्याच दवाखान्यात मिळते का?

कोकणातला लाल विंचू चावला तर माणूस दगावण्याची भीती असते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यावरचं मुख्य औषध ही ब्लडप्रेशरची एक जुनी, स्वस्त गोळी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. तिचं नाव प्राझोसिन. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते, त्यासाठी मोठं हॉस्पिटल लागत नाही. म्हणून खरा प्रश्न औषध आहे की नाही हा नाहीच. ते पेशंटच्या पोटात किती लवकर जातं, हा आहे.

हे औषध विंचूदंशावर रुळलं ते महाड परिसरातल्या कामामुळे. डॉ. हिंमतराव बावसकर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचवाच्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावायचे. छातीत पाणी व्हायचं, तोंडाला फेस यायचा आणि सगळं संपायचं. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. ते वापरात आल्यावर मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरलं. बावसकरांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

विंचवावरची वेगळी लसही आहे. सापाची लस विंचवावर चालत नाही, हेही लक्षात असू द्या. महाडलाच 70 रुग्णांवर झालेला अभ्यास 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नुसती गोळी दिलेल्या 35 जणांपैकी दहा तासांत 8 जण पूर्ण बरे झाले, तर गोळी आणि लस दोन्ही दिलेल्या 35 पैकी 32 जण. म्हणजे लस मिळाली तर उत्तमच. पण लस नाही म्हणून गोळीही न देता पेशंटला पुढे पाठवणं, यात अर्थ नाही.

आता मांत्रिकाचं. त्याच्यावर विश्वास बसतो याला कारण आहे. बहुतेक विंचू कमी विषारी असतात. मोठी काळी इंगळी बघून माणूस घाबरतो, पण तिच्यापेक्षा लहानसा तांबूस विंचू कितीतरी घातक. कमी विषाच्या डंखाची कळ काही तासांत आपोआप उतरते. मंत्र मारा, चिंचोका उगाळून लावा नाहीतर काहीच करू नका, उतार पडणारच असतो. श्रेय मात्र मंत्राला जातं. पुढच्या वेळी लाल विंचू चावतो, घरचे त्याच दारात जातात आणि गोळी मिळायच्या दोन-तीन तासांचा तिथे फडशा पडतो.

दुसरी फसगत कळीची. जोराची ठणक म्हणजे जास्त विष, असं वाटतं. लाल विंचवाच्या बाबतीत हे उलटंही असतं. नुसती ठणक असेल, बाकी माणूस ठीक असेल तर बहुतेकदा धोका कमी. पण दुखणं फारसं नाही आणि दरदरून घाम फुटलाय, उलट्या होताहेत, हातपाय गार पडलेत, लाळ गळतेय, तर गाडी काढा. मुलग्याचं लिंग ताठ राहणं हेही विष चढल्याचं लक्षण आहे. लाजेपोटी घरचे ते सांगत नाहीत. डॉक्टरला ते आधी सांगावं. लहान मुलांना धोका सर्वात जास्त, त्यामुळे मूल असेल तर लक्षणांची वाट बघूच नये.

घरी करायचं फार थोडं आहे. पेशंटला झोपवून धीर द्या, जागा साबणपाण्याने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका. डंख किती वाजता झाला हे लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. गाडीला वेळ लागत असेल तर शेजाऱ्याची रिक्षा, टेम्पो, जे असेल ते. विंचू पकडून न्यायची गरज नाही. प्राझोसिन मात्र मेडिकलमधून आणून घरी देऊ नये. तिचा डोस वजनावर ठरतो, आणि तिने ब्लडप्रेशर एकदम उतरून माणूस उठताना कोसळू शकतो. ती दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवावं लागतं, नेतानाही.

राहिला प्रश्न दवाखान्याचा. ‘पुढे घेऊन जा’ एवढंच सांगून चिठ्ठी दिली जात असेल, तर पहिली गोळी दिली का, हे नातेवाइकांनी तिथेच विचारावं; दिली असेल तर वेळ चिठ्ठीवर लिहून घ्यावी, म्हणजे पुढच्या डॉक्टरला अंदाज येतो. गोळ्या संपल्यात हे उत्तर विंचू चावल्यावर ऐकायला लागू नये. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे किरकोळ गरजांसाठी निधी असतो, आणि ही गोळी महाग नाही. पेंढा, सरपण, जांभ्याच्या भिंती यांच्या फटीत विंचू बाराही महिने असतो. तेव्हा साठ्याची चौकशी ग्रामसभेत आत्ताच करता येईल, आणि ती रात्रपाळीला कुठल्या कपाटात असते, किल्ली कुणाकडे असते, हेही विचारायला हरकत नाही.