चिमणीला घर हवं, शोपीस नको

मार्च उजाडला की राज्यभर लाकडी घरटी वाटण्याचा हंगाम सुरू होतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारातून 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून साजरा होऊ लागला. त्यामुळे चिमणीची आठवण पुन्हा जागी झाली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण वाटलेल्या घरट्यांत पुढे पिल्लं झाली का, हे विचारायला सहसा कुणी परत जात नाही. बहुतेक घरट्यांची गत सत्कारातल्या शालीसारखी होते. घरात असतात, वापरात नसतात.

याला कारण बाजारातला माल. लाल कौलारू छप्पर, पिवळ्या भिंती, दाराखाली छोटीशी दांडी. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतं. चिमणी भोकाच्या कडेला नख्या रोवते आणि थेट आत शिरते. तिला दांडी लागत नाही. लागते ती कावळ्याला. पिल्लांवर नजर ठेवून बसायला त्याला आयती बैठक मिळते. अशी दांडी करवतीनं कापून टाकावी.

मग पाहावं ते भोक. चिमणीसाठी 32 मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा इंच पुरतं. ते 5 सेंटिमीटरवर गेलं की साळुंकी ताबा घेऊ शकते. दयाळ यावा असं वाटत असेल तर भोक मोठं ठेवावंच लागतं, पण मग आत कोण येईल हे मालकाच्या हातात उरत नाही. भोकापासून तळापर्यंत किमान 12 सेंटिमीटर खोली हवी, नाहीतर मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोहोचतो. तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रं हवीत. आणि सुताराला एक गोष्ट बजावून सांगायची: आतल्या बाजूनं रंधा मारायचा नाही, रंगही द्यायचा नाही. खरखरीत लाकडाला धरूनच पिल्लू वर चढतं.

बुलबुल, शिंपी, शिंजीर या बागेतल्या नेहमीच्या मंडळींसाठी मात्र पेटी आणूच नये. ते ढोलीत घरटं करत नाहीत. त्यांना दाट झुडूप द्यावं.

जागा निवडताना आपल्याकडचं ऊन-पाऊस आधी विचारात घ्यावा. पेटीचं तोंड पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन आत येतं आणि नैऋत्येला असेल तर पावसाची झड. त्यापेक्षा उत्तर किंवा पूर्व बरी. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तिथं पत्र्याची पेटी म्हणजे अंड्यांसाठी भट्टीच. पेटी आठ-दहा फुटांवर, वळचणीखाली, भिंतीला घट्ट ठोकलेली असावी. झोके घेणारी पेटी फोटोत छान दिसते, तेवढंच. चिमण्यांना शेजार चालतो, त्यामुळे त्यांच्या दोन-तीन पेट्या थोड्या अंतरानं लावता येतात. दयाळाला मात्र स्वतःच्या हद्दीत दुसरा दयाळ खपत नाही.

एवढं करूनही बागेत दर आठवड्याला कीटकनाशक फवारलं जात असेल, तर पेटीचा खर्च वाया. चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते. कढीपत्त्याची चार पानं अळीनं कुरतडली तर कुरतडू द्यावीत.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2020 चा अहवाल सांगतो की, देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे, पण मुंबईसह मोठ्या महानगरांत ती घटली आहे. शहरांतल्या घटीची कारणं अनेक असतील, पण त्यातलं एक डोळ्यांना दिसतं. वाड्यांचे वासे, कोनाडे, कौलांखालच्या फटी गेल्या आणि गुळगुळीत गिलावा व काच आली. म्हणजे पेटी ही बुजवलेल्या फटीची भरपाई आहे. जिथं फट अजून शाबूत आहे, तिथं ती राखणं हे पेटी लावण्यापेक्षा केव्हाही स्वस्त आणि खात्रीचं.

घरटी वाटणाऱ्या संस्थांनी यंदा ती निम्मीच वाटावीत, पण मापाची, बिनदांडीची वाटावीत आणि वर्षभरानं चौकशीला जावं. ज्यांनी घराचं रंगकाम काढलं आहे, त्यांनी वळचणीच्या फटीत काड्या-पिसं दिसली तर रंगाऱ्याला तेवढा कोपरा सोडायला सांगावं. वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीतच मोडतं. आणि थांबायचं तरी किती? अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत चिमणीला साधारण महिनाभर लागतो.