हा किल्ला कुणाचा?

आमच्या उर्दू शाळेची सहल मुरूड-जंजिऱ्याला गेली होती. राजापुरीहून शिडाच्या होडीत बसलो. होडी तटाजवळ पोचली तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हा किल्ला आपला की त्यांचा?" बारा वर्षांच्या पोरीला हा प्रश्न कुणी शिकवला?

'आपल्या सगळ्यांचा,' असे मी म्हणालो. ते उत्तर सोयीचे होते, पुरेसे नव्हते. पुरेसे उत्तर इतिहासातच आहे.

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, अर्थ बेट. पण त्या बेटावरचा पहिला मेढेकोट कोळ्यांचा. पुढे तो निजामशाहीने घेतला आणि हबशी सिद्दींच्या हाती आला. सिद्दींनी आधी निजामशाहीची, मग आदिलशाहीची, मग मुघलांची चाकरी केली. 1679 साली खांदेरीवर लढाई जुंपली. शिवाजी महाराजांच्या बाजूने मायनाक भंडारी आणि दौलतखान लढत होते. समोर इंग्रज आणि त्यांच्या मदतीला सिद्दी कासम. दहा वर्षांनी, 1689 मध्ये, याच सिद्दीने त्याच इंग्रजांना मुंबईत वेढा घातला. यात धर्मयुद्ध कुठे शोधायचे?

2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. खांदेरी त्यांत आहे. आनंदच आहे. पण खांदेरीचा जयजयकार करणाऱ्या किती वक्त्यांच्या तोंडी दौलतखानाचे नाव येते? ते नाव घेतले की 'आपले' आणि 'त्यांचे' हा हिशेब चुकतो, म्हणूनच ते गाळले जाते.

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. आपल्यातही 'अजिंक्य जंजिरा' म्हणत छाती फुगवणारे कमी नाहीत. सिद्दीच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावे लुटली, रयत पकडून नेली. त्या रयतेच्या आक्रोशावर आपण कौमच्या अभिमानाचे मनोरे बांधायचे? आणि हा अभिमान तरी किती खरा? आपल्याच मोहल्ल्यांत सावळ्या पोराला 'हबशी' म्हणून हिणवतात. सिद्दीचा किल्ला हवा, सिद्दीचा रंग नको!

आत काय उरले आहे? पडका वाडा, मशीद, गोड्या पाण्याचे तलाव, कलाल बांगडी तोफ. तटावर झाडे वाढलीत, भिंतींवर प्रेमिकांची नावे कोरलेली. खोकरीला सिद्दींचे घुमट आहेत. तिथे आमचीही बस थांबली नाही. हा गुन्हा माझाही, कबूल करतो.

उर्दू शाळांनी जंजिरा दाखवावा, तसाच समोरचा, महाराजांनी बांधलेला पद्मदुर्गही दाखवावा. दोन्ही एकाच तासाला शिकवावेत.

परतल्यावर मी फळ्यावर तीन नावे लिहिली : मायनाक भंडारी, दौलतखान, सिद्दी कासम. त्या मुलीला म्हटले, "आता तू सांग, यांतले आपले कोण?" ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, दौलतखान कोण होता, ते आधी सांगा."

तिथूनच सुरुवात करायला हवी होती.