यंत्र आमचे, परवाना परक्याचा!

समुद्रात गलबत घालायचे तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हवा, असा दंडक एके काळी आमच्या चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होता. गलबत आपले, नाखवा आपला, माल आपला. परवाना मात्र परक्याचा! कान्होजी आंग्र्यांनी तो जुमानला नाही. उलट स्वतःचे दस्तक चालू केले. १७२९ साली कान्होजी गेले. पुढे कार्ताझही गेला, असे आपण समजतो. वाचकहो, तो गेलेला नाही. तो कारखान्यात शिरला आहे.

लाकडावर नक्षी कोरणारे, लोखंड कातणारे यंत्र आज संगणकाच्या हुकमाने चालते. हत्याराने कुठून निघावे, कुठे वळावे, किती खोल जावे, हा मार्ग आकृतीवरून आखून देणाऱ्या आज्ञावलीला ‘कॅम’ म्हणतात. यंत्र कारागिराने कर्ज काढून घेतलेले असते. पण नामांकित कॅम आज्ञावल्या बहुतेक विंडोजवरच चालतात, आणि अनेकींचे भाडे दरसाल मोजावे लागते. भाड्याच्या वस्तूचा भरवसा काय? ‘फ्यूजन ३६०’ हौशी माणसांना फुकट मिळे. २०२० च्या ऑक्टोबरात कंपनीने त्या फुकट परवान्यातून हत्याराची जलद चाल आणि आपोआप हत्यार बदलण्याची सोय काढून घेतली. सोऱ्या घरात राहिला, चकलीची ताटली दुकानदार घेऊन गेला!

मग सर्वांना खुली असलेली लिनक्स कार्यप्रणाली का नको? ‘तिच्यावर या कामाचे काही मिळतच नाही,’ हे शहाण्यांचे उत्तर आता शिळे झाले. यंत्र चालवणारी ‘लिनक्ससीएनसी’ अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेतील कामातून निघाली आणि सर्वांना खुली झाली. ‘फ्रीकॅड’ची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तिच्यात कॅमचा स्वतंत्र विभाग आहे. पाच अक्षांवर फिरणाऱ्या यंत्राच्या अवघड कामाला ती तोकडी पडते, हे खरे. पण देव्हाऱ्याच्या महिरपीला आणि पंपाच्या झाकणाला पाच अक्ष हवेत कशाला?

मोठ्या कंपन्यांनी आपल्या आज्ञावल्या लिनक्सवर आणाव्यात, खुशाल दाम घेऊन आणाव्यात. आमची तक्रार दामाबद्दल नाही, बंद दाराबद्दल आहे. परंतु तोवर हात जोडून का बसावे? लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाने, जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयने मुलांच्या हाती खुली आज्ञावली द्यावी. तिच्यात उणे असेल ते भरून काढायलाही शिकवावे. खुल्या आज्ञावलीत ते करता येते; कुलपातल्या आज्ञावलीत नाही.

कान्होजींनी परवान्यासाठी अर्ज केला नव्हता. गलबते बांधली होती.